नऊ पाळण्यांची घंटा

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एक छोटंसं खोटं बोलून जीव वाचत असेल, तर बोलावं की नाही? ... बघा, कुणी मान वर करत नाही! मी सांगते – मी बोलले असते. माझं आठ महिन्यांचं बाळ तिथे पहिल्या बाकावर झोपलंय. त्याच्यासाठी दहा वेळा खोटं बोलले असते! आख्यान सांगतेय, पण डोळा तिकडेच आहे. माफ करा.

तर ऐका, सिस्टर ब्रिजिदाची गोष्ट. आपल्याच बाजूची, केळीच्या वाडीतली मुलगी. मठात निघाली तेव्हा आय म्हणाली, "बाय, तुला पोरंबाळं नकोत का गं?"

"हवीत ना आय! पण दोन-तीनांवर माझं भागायचं नाही."

गेली समुद्रापलीकडे, एका डोंगराळ देशात. तिथल्या बायका दिवसभर चहाच्या मळ्यात. तान्ही पोरं सिस्टरपाशी, नऊ पाळण्यांत. दुपारी बारा वाजता सिस्टर घंटा वाजवायची. बायका धावत यायच्या, दारात एक 'नमो मरिये' म्हणायच्या आणि पोरांना पाजायला बसायच्या. आधी प्रार्थना, मग दूध – रोजचा नेम!

पुढे तिथे नवं सरकार आलं. हुकूम निघाला – देवाचं नाव घ्यायचं नाही, घंटा वाजवायची नाही! अन् कानावर आलं, की शेजारच्या गावातली तान्ही पोरं ट्रकमध्ये घालून नेली. आयांना पत्तासुद्धा दिला नाही.

एका सकाळी दहा वाजता सिस्टरला घाटाच्या वळणावर ट्रक दिसला. काय करावं? नऊ लेकरं, दोन हात! निरोप धाडायला वेळ नाही.

तिने घंटेचा दोर धरला. टण्! टण्! टण्!

अहो, आयांनो, तुम्हाला काय सांगायचं? घंटा ऐकली आणि मळ्यात बायकांना पान्हा फुटला! बंदी असताना, तीही दहा वाजता कशी वाजली, हे विचारायला कुणी थांबलं नाही. टोपल्या फेकल्या, धावल्या. सिस्टर ओरडली, "आज प्रार्थना मी म्हणते, तुम्ही पोरं उचला! मागच्या दाराने!"

आठ पाळणे रिकामे झाले. नवव्या पोराची आई पायाने अधू. ती चढ चढतेय... मंडळी, सिस्टर तेव्हा निसटू शकली असती. पण घंटा थांबली तर त्या बाईला वाटेल, सगळं संपलं! म्हणून ती वाजवत राहिली. ती आई आली, पोर छातीशी धरून झुडपांत शिरली, आणि पुढच्या दारात बूट वाजले.

अधिकारी तरुण होता. रिकामे पाळणे बघून चिडला. पण सिस्टरने त्याच्याच जवानाची जखम बांधली होती. तो हळूच म्हणाला, "सिस्टर, एवढंच म्हणा – घंटा दुधासाठी होती, देवासाठी नव्हती. मी कागदावर तसं लिहितो. जा तुम्ही."

एवढंच! अर्धं तर खरंच होतं की!

पण मागच्या दाराला लागूनच्या झुडपांत नऊ आया श्वास रोखून ऐकत होत्या. ज्या घंटेवर विश्वासून त्या धावल्या, ती कुणाची होती, हे त्यांना आता कळणार होतं.

सिस्टर म्हणाली, "साहेब, दूध देणाराही तोच. मी वेगळं कसं करू?"

एक गोळी. दोर अजून हातातच होता.

हे त्या अधू आईनेच पुढे सांगितलं. तिचं पोर आता मिशा फुटून बापई झालंय, मंडळी. नऊच्या नऊ जगली!

आणि आपण? आपल्या चर्चची घंटा बंद करायला कुणी येत नाही. रोज बाराला प्रार्थनेसाठी वाजते, आणि आपण मिक्सर लावतो. हसू नका, मीही त्यातलीच! घंटा झाली की मी धावत जाऊन बाळाचे कान झाकते – उठेल म्हणून.

आता बाराला मिनिटभर आहे. आपले इनासकाका घंटेचा दोर धरून उभे आहेत. देवा, माझं लेकरू माझ्या डोळ्यांसमोर आहे, तुझे उपकार! काका, वाजवा.

आज मी त्याचे कान झाकणार नाही.