जुलेखाबीचं काळं मडकं

वांग्याच्या रोपांपायी जुलेखाबीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ठाऊक आहे का? आमची भिंतीला भिंत. तिचा वाफा चिंचेखाली, रोपं दरवर्षी माना टाकायची.

"वैनी, तुमचीच नजर लागती! सारखं डोकावता!" म्हणाली, आणि माझ्याकडं तोंड करून काळं मडकं टांगलं.

तिनं फेकलेली रोपं मी उचलून बघितली. मुळं करपलेली. त्यातली दोन जगतील अशी माझ्या अंगणात, चिंचेपासून लांब लावली, तर वांग्यांनी लगडली! म्हणजे चिंचेच्या पाल्याचा रसच मातीत उतरून कोवळी मुळं जाळत होता. टोपली भरून दाखवायला गेले. दाराला कुलूप. निजामाचं राज्य गेलं, त्या गडबडीत सगळं घर रातोरात हैदराबादला निघून गेलं होतं.

मडकं अजून माझ्याकडंच तोंड करून आहे. मी रोज डोकावते.