अडकित्ता डॉट कॉम

वेबसाइटचं नाव ठरवताना घोळ घालू नका, असं मी सारखं का म्हणतो? अहो, अभ्यंकरकाकांमुळे.

शनिवार पेठेत त्यांचं अडकित्त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आटत चाललेलं. मी नुकताच इंजिनीअर झालेला. म्हटलं, वेबसाइट काढू, दुकान वाचवू. काकांना नाव हवं होतं, ‘अभ्यंकर आणि पुत्र, शनिवार पेठ, पुणे’.

“काका, लोकांना ते टाइप करायचंय, संकल्प सोडायचा नाहीये!”

पंधरा दिवस भांडून ‘अडकित्ता डॉट कॉम’ ठरलं.

“आजच नाव घेऊन टाकतो.”

“पितृपक्षात? दसऱ्याला घे. इतकी घाई असेल तर तुझ्या नावाने घे.”

दुकान त्यांचं, म्हणून थांबलो. दसऱ्याला गेलो तर काकांनी पेंटरकडून पत्ता पाटीवर रंगवून घेतलेला, वर झेंडूचा हार. मी नेट कॅफेत धावलो. नाव आठवड्यापूर्वीच कुणीतरी घेतलं होतं.

“काका, नाव गेलं.”

“कुठे गेलं? पाटीवर आहे की.”

“ते आता दुसऱ्याचं आहे. पाटी पुसावी लागेल.”

“पूजा झालेली पाटी पुसू? शिकलेला दिसतोस.”

दुसऱ्या दिवशी पत्त्याखाली नवी ओळ आली: ‘वरील पत्त्यावर आम्ही नाही. इथेच आहोत.’

मी नवं नाव सुचवत राहिलो, काका हसून चहा मागवत राहिले. मग मला हिंजवडीत नोकरी लागली.

परवा तिथून गेलो. शटर गंजलंय, पाटी तशीच आहे. पत्त्याखालच्या ओळीतलं पहिलं वाक्य अजून खरं आहे.