खळ्यातला जवळा

सेवा करायला आलेल्या माणसांचं नाव काढू नका माझ्यापुढं! मुंबईच्या चर्चची ती मंडळी आगबोटीनं दिघीला उतरली आणि आमच्याच घरी राहिली. पहिल्या रात्री आईनं सुक्या जवळ्याचं कालवण केलं, तर बोटं चाटत जेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी मासळी घेऊन बाजाराला गेलो. परत येऊन बघतो तर मासळी वाळवायचं आमचं खळं झाडून लख्ख! पावसाळ्याची बेगमी म्हणून पसरलेला सगळा जवळा गायब. त्यांचे पुढारी मास्तर खराटा घेऊन हसत उभे. म्हणाले, "केवढा कचरा साचला होता, मावशी! सगळा खाडीत टाकला."

अरे, विचारायला तोंड नव्हतं काय? त्याच खराट्यानं झोडपणार होते मी. आईनं दटावलं, "गप. पावणे हायत."

रात्री पानं मांडली. त्यांची प्रार्थना होईस्तोवर आईसुद्धा हात जोडून उभी राहिली. मास्तरांनी डोळे उघडले, तर पानात नुसता कोरडा भात.

"मावशी, कालचं ते कालवण नाही का?"

"हाय ना. खाडीत हाय," आई म्हणाली. "जा, घेऊन या. रांधते."