उद्याचा धूर

छातीच्या डॉक्टरांकडे इतकी गर्दी होती, की खोकल्यांनाही नंबर लावावा लागत होता. शेजारी एक आत्या आणि तिचा वनखात्यातला भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

“हा पिवळा ढग कसला रे?”

“उद्याचा धूर, आत्या. पुढे वणवा लागू नये म्हणून आम्ही रानातला पाला जाळणार ना, त्याचा.”

“पेटवण्याआधीच धूर? धन्य आहे!”

“जागा, वारा, पाला किती, सगळं भरलं की ही साइट सांगते धूर कुठं जाईल ते.”

“आणि माझं घर?”

“थोडक्यात वाचलंय.”

“पाला ओला की कोरडा, ते नाही विचारत?”

“विचारते की. कोरडा भरलाय.”

“हात लावून पाहिलास?”

“जीपमधून पाहिला.”

“मी काल उचलून पाहिला. वरून कुरकुरीत, खाली चिंब.”

“अरे बापरे! थांब, ओला भरतो. ओल्याचा धूर जास्त.”

“केवढा पसरला रे! माझं घर गेलं की त्यात. आधीच श्वास पुरत नाही मला. उद्या नका जाळू.”

“साहेब ऐकायचे नाहीत. तारीख ठरलीय.”

“साहेब राहतात कुठं?”

“इथं, तळ्यापाशी... अरेच्चा, त्यांचंही घर पिवळं झालं!”

“मग लाव फोन. पाल्याचं नंतर सांग, आधी घराचं सांग.”