कळकलेली कढी

मंडळी, जरा पुढं सरका. भिंतीला टेकलात की डोळे मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांनी मान डोलली की शेजाऱ्याला वाटतं, याची समाधी लागली! आज मला एक विचारायचंय. माणूस पैशासाठी खोटं बोलतो, भीतीनं बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्याला लोभ नाही, तो सज्जन माणूस जिवावर बेतेल असं खोटं का बोलतो? नाही सांगता येत? मग ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, उगाच इथं कुणीतरी ओशाळायचं. त्या गावात केरबा नावाचा आचारी होता. काय त्याचा हात! त्याची कढी म्हणजे लोक भात सोडून द्रोणच तोंडाला लावायचे. मजुरी बुडाली तरी केरबाला चालायचं, पण पंगतीतून ‘वा केरबा’ आलं नाही, की घरी येऊन गडी पाण्यालाही शिवायचा नाही.

बायको यमुना म्हणायची, “अहो, लोकांच्या तोंडाकडं किती बघाल? ते जेवायला आलेत, तुमची परीक्षा घ्यायला नाही.”

“तुला नाही कळायचं,” केरबा म्हणायचा.

गावचे पुढारी दौलतराव. त्यांनी देवळाला तांब्याचं भलंमोठं पातेलं दान दिलं. दान गुप्त असावं, असं शास्त्र सांगतं – आणि पातेल्यावर नाव वीतभर अक्षरांत! उत्सवाच्या दिवशी केरबाला म्हणाले, “कढी यातच करायची. आणि यातूनच वाढायची, सगळ्यांच्या समोर.”

केरबा चाचरला. “दादा, याला अजून कल्हई नाही. बिनकल्हईच्या तांब्यात ताक कळकतं. पोटात विष होतं.”

दौलतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, तुझ्या हाताखाली काय कळकतंय? पंचक्रोशीत तुझ्यासारखा आचारी नाही. आज तुझाही सत्कार ठेवलाय.”

झालं! चढला केरबा हरभऱ्याच्या झाडावर. मनाशी म्हणाला, झटपट उकळी आणू, लगेच पंगत बसवू, तेवढ्यात काय होतंय?

पण भाषणं – ती कुठं लगेच संपतात? एकानं दौलतरावांना कर्ण म्हटलं. म्हणून दुसऱ्यानं हरिश्चंद्र म्हटलं. तिसऱ्याला काही उरलं नाही, त्यानं दोन्ही म्हटलं. हसू नका, तुमच्यातले दोघं मागच्या महिन्यात असंच बोललेत, मी ऐकलंय. तिकडं कढी तांब्यात तशीच पडून, आणि तिचा राखणदार व्यासपीठावर शाल घेत उभा.

उतरल्यावर त्यानं पळीभर चाखली. जीभ आंबली, मळमळून आलं. कळकली होती. आता मला सांगा, ओतून दिली असती तर काय झालं असतं? पंगत वरणभातावर उठली असती. चारजण म्हणाले असते, केरबाचा हात गेला. एवढंच ना? पण शाल अजून खांद्यावर होती. त्यानं वाढली.

पहिल्या घोटाला तोंडं वाकडी झाली. जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला, आणि शेजारी दौलतरावांकडं. दौलतरावांनाही घोट उतरेना. पण सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, “वा!” मग काय, सगळी पंगत ‘वा’ म्हणाली.

बायकांच्या पंगतीत यमुना होती, नुकतीच तापातून उठलेली. एका घोटात तिनं ओळखलं. मान वर केली, तर समोर केरबा पळी धरून उभा, चेहरा पांढराफटक. शेजारीण म्हणाली, “यमुनाबाई, कढीला कसलीशी चव येतेय का हो?” पुष्कळजणींनी द्रोण खाली ठेवले होते.

“छे, झकास झालीय,” यमुना म्हणाली. आख्खा द्रोण प्याली आणि पुढं केला. “अजून वाढा.” तिचं बघून सगळ्यांनी आपापले द्रोण उचलले.

संध्याकाळपासून घरोघर उलट्या. बाकीचे हळूहळू सावरले. यमुनेच्या अंगात मुळात ताकदच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. जाण्याआधी केरबानं विचारलं, “तुला कळलं होतं, मग का प्यालीस गं?” ती म्हणाली, “तुमचं तोंड बघवेना.”

अंत्ययात्रेला गाव जमलं. केरबा सगळ्यांसमोर म्हणाला, “कढी कळकली होती. मला ठाऊक होतं. मी मारलं तिला.” दौलतरावांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. “दुःखानं बोलतोय बिचारा. तिला ऊन बाधलं. कढी उत्तमच होती.” आणि पोट धरून उभे असलेले सगळे म्हणाले, “उत्तमच होती.”

केरबा हात जोडून एकेकाच्या पुढं गेला. “एकानं तरी म्हणा, वाईट होती. तिच्यासाठी म्हणा.” जन्मभर ज्यानं ‘वा’ची भीक मागितली, तो त्या दिवशी एका ‘छी’साठी दारोदार हिंडला, मंडळी. त्याला ती कुणी दिली नाही. पुढच्या उत्सवाला त्याच पातेल्यात कढी झाली, दुसऱ्या आचाऱ्याच्या हातची.

माना डोलतायत तुमच्या. बरं वाटलं. आता सांगा, उद्या आपल्या गावात कुणी भर पंगतीत म्हणालं, ‘हे कळकलंय’, तर त्याच्या बाजूनं बोलणारा इथं कोण आहे? हात वर करा.

…बघताय ना शेजाऱ्याकडं? तो करतोय का ते बघताय. राहू द्या. मृदंगवाले, थांबा, आज गजर नको. गजर झाला की सगळं छान झालं असं वाटतं. असेच घरी जा.