जावयाचा खटला

क्लॅरी दवाखान्याच्या रांगेत बसला होता. पुढे ऊना आणि तिची मावसबहीण मर्टल बोलत होत्या.

"ऊना, आठवडाभर शिकून गावच्या कोर्टाची न्यायाधीश झालीस आणि पहिल्याच कोर्टात बसत नाहीस?"

"कशी बसू? खटला माझ्या जावयाचा आहे."

"मग ठोक दंड. असा मोका कुठल्या सासूला मिळतो?"

"अगं, आपल्या रीतीत सासूने जावयाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. त्याला समोर उभं करून न्याय करणं चालतं का? शिकवायला आलेली बाई म्हणते, त्याच्याकडे पाठ करून बसा."

"पाठ करून?"

"आणि मी उठले तर? कोर्टात दोन न्यायाधीश लागतात, आणि गावात शिकलेले माझ्यासकट दोघंच. केर्न्स शहरातून मोठ्या न्यायाधीश साहेबांचं विमान येणार तीन महिन्यांनी. तोवर खटला लटकणार, आणि जावयाला कामावर घेणार नाहीत. लेक रोज रडते."

"तिसरं कुणी शिकव की. सोमवारी पुन्हा वर्ग आहे, कोर्ट त्यानंतर."

"गावात सगळे जावयाच्या नात्यातले. त्याच्याशी बोलायला मोकळं असं कोण आहे?"

मर्टल मागे वळली. "क्लॅरीकाका, मघापासून कान देऊन ऐकताय."

"बायको गेल्यापासून दुसरं काय करतो मी?"

"तुम्ही त्याचे कोण?"

"कुणीच नाही. मी नदीपलीकडचा."

"मग आमच्या कामाचे आहात. सोमवारी नऊला या."

क्लॅरीने सदऱ्याचा खिसा चाचपला.

"वर्गात चष्मा लागेल का?" त्याने विचारलं.