डोक्यावरचा संडास

(मुळा धरणाच्या काठचा उतार. वर रस्ता, खाली पाणी. कानिफनाथ, त्यांची बायको सुरेखा आणि पुण्यात घरांचे आराखडे करणारी त्यांची लेक निकिता.)

कानिफनाथ : पन त्याचा संडास माझ्याच डोक्यावर कशापायी?

निकिता : पप्पा, रस्ता वर, पाणी खाली. म्हणून घर उताराबरोबर उतरत जातं. वरच्या मजल्यावर मोठे काका, खालच्या मजल्यावर तुम्ही. पाण्याकडं सगळी काच.

सुरेखा : संडासालाबी काच?

निकिता : आई!

सुरेखा : इचारलेलं बरं. तुमच्या मॉडर्नचं काय सांगावं.

कानिफनाथ : तू थांब गं. निकिते, जल्मभर दादानं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. वाटनीत इहिरीचा तुकडा त्यानं घेतला, मला मुरमाड दिलं. मी चकार शब्द काडला न्हाई.

सुरेखा : तवापून काडलाच न्हाई! सख्ख्या भावाला निरोप माझ्या तोंडानं. ‘भावजीला म्हनावं, मोटार बंद कर.’ अवो, त्ये हाकेच्या अंतरावर उभं असत्यात! माझं पार टपाल झालंय.

निकिता : म्हणून तर हे घर. हा एवढाच तुकडा दोघांत सामाईक उरलाय.

सुरेखा : उरला म्हंजी दोगांनीबी नको म्हटला म्हनून. शेळी घसरती हितनं.

निकिता : घसरू दे. शनिवार-रविवार तरी तुम्ही दोघं एका छपराखाली या, मला दुसरं काही नको. आणि उद्या सकाळी जेसीबी येतोय. काय ते आत्ता ठरवा.

कानिफनाथ : ठरलंय. आधी संडास हलीव.

निकिता : हलवला. इकडं कोपऱ्यात घेतला. झालं?

कानिफनाथ : मग माझ्या डोक्यावर काय आलं?

निकिता : काकांचा पलंग.

कानिफनाथ : म्हंजी त्यानं माझ्या टाळक्यावर तंगड्या पसरून निजायचं!

निकिता : बरं बाबा, अदलाबदल. तुम्ही वर, काका खाली.

सुरेखा : अगं ए! धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यावर निजायचं? भावकी तोंडात शेन घालंल आमच्या.

कानिफनाथ : आन दादा खाली उतरंल कसा? त्याच्या गुडघ्यांची वाट लागलीया. दोन पायऱ्या उतरताना देव आठवत्यात त्याला.

सुरेखा : बघा, गुडघे बरे ठावं हायत!

कानिफनाथ : दिसतंय म्हनून बोललो. मला काय करायचंय त्याच्या गुडघ्यांशी?

निकिता : मग करू काय? काका खाली नकोत, वर नकोत. हवेत टांगू का त्यांना?

कानिफनाथ : मधून तार वढ. त्याचं त्याला, माझं मला. मिटला इषय.

निकिता : मग घर कशाला बांधायचं, पप्पा? तार तर तिकडं शेतातही आहे.

सुरेखा : द्या की उत्तर पोरीला.

कानिफनाथ : बरं, तार ऱ्हाऊ दे. पन डोक्यावर कुनी नको.

सुरेखा : अगं निके, मजलेच काडून टाक. शाळेवानी एका रांगंत बांध सगळं.

निकिता : शाळेसारखं? आई, या पायऱ्या-पायऱ्यांच्या घरावर माझा जीव आहे. ऑफिसात सगळ्यांना चित्र दाखवून बसलेय मी.

सुरेखा : मग चित्रातच ऱ्हा.

निकिता : ...थांब. उताराला आडवं घेतलं तर? एकच लांब मजला. रस्त्यापासून सपाट वाट, म्हणजे काकांना एकही पायरी नाही. दोघांच्याही समोर पाणी. पुढं एकच लांब ओसरी. पप्पा, वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

कानिफनाथ : आन संडास?

निकिता : दोन्ही टोकांना. एकमेकांपासून जितके लांब जातील तितके लांब!

सुरेखा : देव पावला गं बाई.

कानिफनाथ : मग मधी काय येतं?

निकिता : तुमच्या दोघांच्या झोपायच्या खोल्या. मध्ये एक भिंत. अलीकडं तुमचा पलंग, पलीकडं काकांचा.

कानिफनाथ : एकच भिंत?

निकिता : आता भिंतीवरून नको ना, पप्पा! तिची सोय करते मी. दुहेरी घालते, मध्ये पोकळी ठेवून. पलीकडचं अक्षर ऐकू येणार नाही तुम्हाला.

सुरेखा : घाल बाई, चांगली वीतभर जाड घाल. ह्यांचं घोरनं ऐकून भावजी पयल्याच रात्री पळून जातील.

कानिफनाथ : न्हाई. जाड नको.

निकिता : आता काय झालं?

कानिफनाथ : वयनी गेल्यापून एकटाच निजतोय त्यो. रातीचा दमा उसळला म्हंजी हाक मारायलाबी सुदरत न्हाई त्याला. पातळ ठेव. ऐकू आलं पायजे.